ज्युनियर वकिलांचे सामने आणि भेटीगाठी भरवताना जे शिकले ते सगळं

आमच्या वकील संघटनेत ज्युनियर वकिलांची एक कमिटी आहे आणि मी तिथे स्वयंसेवक म्हणून काम करते. आमच्याकडे दोन गोष्टी असतात, एक खेळाचे सामने आणि दुसरं नेटवर्किंगचे कार्यक्रम, म्हणजे नवीन वकिलांनी एकमेकांना आणि सिनियर लोकांना भेटावं म्हणून जे काही भरवतात ते. मानधन वगैरे काही नाही, आपापली कामं सांभाळून उरलेल्या वेळात करायचं. मी हे मनापासून करते, आणि आता दुसऱ्या ठिकाणचे ज्युनियर पण विचारायला लागलेत की तुम्ही हे जमवता कसं, सुरुवात कुठून करायची, तर म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू.

आधी हे सांगते की मी यात का आले. माझ्या घरात कोणीच वकील नाही. लॉ शिकताना त्याचं काही वाटलं नाही पण प्रॅक्टिस सुरू केल्यावर कळलं की निम्म्या गोष्टी पुस्तकात नसतातच. अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, ऑब्जेक्शन निघालं तर कुणाला भेटायचं, एखाद्या कोर्टात किती थोडक्यात बोलायचं, पक्षकाराकडे फी मागायची कशी, सिनियरला 'मला हे झेपत नाहीये' असं सांगायचं की नाही, हे सगळं विचारायला माणूस लागतो आणि बऱ्याचदा तो माणूस सिनियर नसतो, आपल्याच वयाचा किंवा दोन-तीन वर्षं पुढे असलेला कोणीतरी असतो. ज्यांच्या घरात आधीपासून वकिली आहे त्यांच्या कानावर हे येताजाता पडत असतं, बाकीच्यांना कुणीतरी सांगावं लागतं. मला हे सगळं एका मुलीने सांगितलं आणि तिची माझी ओळख झाली ती फक्त एका सामन्यात आम्हा दोघींची नावं एका टीममध्ये आली म्हणून. ती ओळख झाली नसती तर पहिलं वर्ष मी काढलं असतं की नाही खरंच माहीत नाही.

नंतर कमिटीत आल्यावर मी यावर थोडं वाचलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक गाजलेला पेपर आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली अशा लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं त्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात. नेहमी भेटायचो म्हणणारे जेमतेम 17 टक्के निघाले, 55 टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले अधूनमधून, आणि जवळपास 28 टक्के म्हणाले क्वचितच. कारण साधं आहे, आपल्या अगदी जवळच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन काही कळायचं तर ते लांबच्या ओळखीकडूनच येतं. आणि नवीन वकिलाकडे नेमक्या ह्याच लांबच्या ओळखी नसतात. माझ्या मते आमच्या सगळ्या कामाचं कारण एवढंच आहे, बाकी ट्रॉफी, टी-शर्ट, फोटो हे सगळं त्याच्या मागून येतं.

दुसरं कारण तब्येतीचं आहे. 2016 मध्ये अमेरिकेत पॅट्रिक क्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास 13,000 वकिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 28 टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली आणि साधारण पाचात एकाचं दारू पिणं काळजी करण्यासारखं होतं, आणि हे पिण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त कुणात तर ज्यांच्या प्रॅक्टिसला दहा वर्षं पण झाली नाहीत त्यांच्यात. म्हणजे ज्याला आपण उमेदीचा काळ म्हणतो तोच सगळ्यात कठीण जातोय. एक दिवस खेळून हे बदलणार नाही हे मला कळतं. पण अडचणीत असताना फोन करायला दोन माणसं असणं आणि एकही नसणं यात फार फरक आहे.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. आमच्या संघटनेत आधीपासून नेटवर्किंगचा एक कार्यक्रम व्हायचा, एक हॉल, छातीवर नावाचा बिल्ला, दोन-तीन भाषणं आणि मग 'आता सर्वांनी एकमेकांशी ओळख करून घ्या'. मी जेव्हा ज्युनियर म्हणून तिथे जायचे तेव्हा दिसायचं की एकाच ऑफिसमधले लोक एकत्र आले, एकत्र उभे राहिले, एकत्र निघून गेले. जो एकटा आला तो फोनमध्ये बघत भिंतीजवळ उभा. भरवणाऱ्यांची मेहनत होती, हेतूही चांगला होता, पण ओळख करून घ्या असं सांगून ओळख होत नसते, त्यासाठी हाताला काहीतरी काम लागतं. दोघांनी मिळून कॅच सोडला की बोलायला विषय आपोआप मिळतो. यावर ऑक्सफर्डमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, तिथल्या बोट वल्हवणाऱ्या खेळाडूंकडून व्यायामाच्या मशीनवर तेवढीच मेहनत एकदा एकेकट्याने करून घेतली आणि एकदा सगळ्यांनी मिळून, आणि मिळून केल्यावर त्यांची वेदना सहन करायची ताकद जास्त निघाली, जी शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं आणि बरं वाटायला लावणारं रसायन, वाढल्याची खूण मानतात. म्हणून मी कमिटीत म्हटलं की आधी खेळ ठेवू, बोलणं नंतर, आणि दोन्ही एकाच दिवशी.

सुरुवातीलाच प्रश्न आला की ज्युनियर म्हणायचं कुणाला. वयाची अट ठेवावी असं काही जणांचं म्हणणं होतं. तरुण वकिलांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एआयजेए, 1962 साली स्थापन झालेली, तिथे 45 पर्यंतचे लोक तरुणच धरतात. पण आम्ही वय सोडून दिलं आणि प्रॅक्टिसची वर्षं धरली, कारण दुसरी नोकरी करून उशिरा वकिलीत आलेले कितीतरी लोक असतात, चाळिशीत असतात पण कोर्टात अगदी नवे असतात, आणि त्यांना तर अजूनच एकटं पडल्यासारखं होतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पण घेतलं. हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

मग तारीख. वकिलांची तारीख ठरवणं म्हणजे खरंच मोठं काम आहे कारण कोर्टात जाणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं, कॉर्पोरेट काम करणाऱ्यांचं वेगळं, कंपनीत इन-हाउस असणाऱ्यांचं अजून वेगळं. कोर्टवाले सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करतात, कॉर्पोरेटवाले महिनाअखेर आणि तिमाहीअखेर दिसतच नाहीत, वर्षअखेर तर विचारूच नका. आम्ही आधी कोर्टाचं कॅलेंडर घेतो, त्यावर तिमाहीचे शेवटचे आठवडे खोडतो, परीक्षांचे दिवस खोडतो, आणि उरलेल्यातून तीन तारखा फॉर्ममध्ये टाकतो. फॉर्म भरपूर आधी जातो. आणि अजून एक गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगते, सिनियर लोकांना कमिटीकडून वेगळं पत्र पाठवा. ज्युनियरने स्वतः जाऊन 'मला रविवारी खेळायला जायचंय' म्हणणं अवघड असतं, संघटनेच्या लेटरहेडवर 'आपल्या ज्युनियर सहकाऱ्यांना त्या दिवशी मोकळीक द्यावी ही विनंती' असं आलं की बहुतेक सिनियर आनंदाने हो म्हणतात, उलट काही जण स्वतः बघायला येतात.

खेळ कुठला घ्यायचा यावर फॉर्ममध्ये नुसतं 'तुम्ही कोणता खेळ खेळता' असं विचारलं की उत्तर देतात ते फक्त आधीपासून खेळणारे, आणि मग प्रत्येक वेळी तीच मुलं, तोच क्रिकेटचा आणि फुटबॉलचा घोळका. आम्ही प्रश्न बदलला. 'कधी खेळला नसलात तरी कोणता खेळ करून बघायला आवडेल' असं विचारलं. उत्तरं एकदम वेगळी आली. बॅडमिंटन डबल्स पुढे आलं, टेबल टेनिस आलं, रिले आली, बुद्धिबळ आलं, आणि मुलींची नावं कितीतरी वाढली. बॅडमिंटन डबल्स तर मी कुणालाही सुचवेन, बायका-पुरुष एकत्र खेळू शकतात, कोर्टवर फक्त चार जण असल्यामुळे कुणी लपून राहू शकत नाही, आणि तीन गेम न खेळवता 21 पॉइंटचा एकच गेम ठेवला की सामना पटकन संपतो आणि लगेच नवी जोडी समोर येते. ज्यांना धावपळ जमत नाही, गुडघ्याचा त्रास आहे, गरोदर आहेत किंवा व्हीलचेअर वापरतात, त्यांना 'तुम्ही प्रेक्षक म्हणून या' असं म्हणायचं नाही, त्यांच्यासाठी खेळ ठेवायचा, स्कोअरिंग आणि पंचाचं काम पण खरं काम म्हणून द्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टीम. यावर कमिटीत सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि अजूनही दरवेळी होते. ऑफिसप्रमाणे टीम करणं सोपं असतं, एक फर्म एक टीम, नावं तेच देतात, टी-शर्ट तेच छापतात, आपल्याला काही करायचं नाही. पण त्यात होतं काय की मोठ्या फर्मच्या टीम होतात, आणि जो एखाद्या छोट्या चेंबरमध्ये एकटा ज्युनियर आहे किंवा ज्याने स्वतःचं काम सुरू केलंय त्याला टीमच नसते. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तोच बाहेर. मी तेव्हापासून एका गोष्टीवर ठाम आहे, टीम चिठ्ठ्या टाकूनच करायच्या. नुसत्या चिठ्ठ्या पण नाही, आधी नावांचे तीन गट करायचे, नेहमी खेळणारे, कधीतरी खेळणारे आणि कधीच न खेळलेले, आणि प्रत्येक टीममध्ये तिन्ही गटांतले लोक येतील अशा काढायच्या, आणि एका ऑफिसचे दोन जण एका टीममध्ये आले तर दुसरं नाव परत टाकायचं. मोठ्या ऑफिसमधून नाराजीचे फोन येतात, आम्हाला आमचीच टीम हवी म्हणतात. त्यांना शांतपणे सांगायचं की तुमची टीम तुम्ही कधीही करू शकता, हा दिवस त्यासाठी नाहीये. एकदा खेळून गेले की पुढच्या वेळी तेच लोक चिठ्ठ्यांची बाजू घेतात हे मी बघितलंय.

मॅचचं वेळापत्रक करताना पण हाच विचार. बाद फेरी सोपी असते, आठ टीम असल्या तर सात सामन्यांत निकाल, पण त्यात चार टीम पहिल्याच सामन्यानंतर घरी जायला मोकळ्या, म्हणजे निम्मे लोक तासाभरात बॅग उचलतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर आठ टीमचे 28 सामने होतात, ते एका दिवसात दमछाक करणारं आहे. आम्ही चार-चारचे दोन गट करतो, प्रत्येक गटात सहा असे बारा साखळी सामने, मग दोन सेमी आणि एक फायनल, एकूण 15. प्रत्येक टीमला कमीत कमी तीन सामने मिळतात, आणि दोन मैदानं असली आणि मधल्या अदलाबदलीसकट एका सामन्याला वीस मिनिटं धरली तर अडीच-तीन तासांत सगळं होतं. हरलेल्या टीमपण शेवटपर्यंत थांबतात कारण त्यांचा शेवटचा साखळी सामना उशिरा लावलेला असतो, हे मुद्दाम करायचं.

गळती होणारच. आदल्या संध्याकाळी कुणालातरी अर्जंट फाइलिंग येतं, कुणाचा क्लायंट अचानक येतो, वकिलीत हे चालायचंच आणि त्यावरून कुणाला लाज वाटेल असं काही करू नये, ग्रुपवर नावं टाकून 'हे आले नाहीत' वगैरे तर अजिबातच नाही, तो माणूस परत कधी येणार नाही. सहा जणांची टीम असली तर आम्ही नऊ नावं घेतो, खेळता खेळता कितीही वेळा बदली करायची मुभा ठेवतो, आणि शिवाय एक राखीव यादी असते, त्यातले लोक जिथे कमी पडतील तिथे जातात. गंमत म्हणजे राखीव यादीतल्या लोकांच्या सगळ्यात जास्त ओळखी होतात, कारण ते तीन-चार टीममधून खेळतात. आता काही जण स्वतःहून राखीव मागतात.

दुखापतीचा विषय मी हलक्यात घेत नाही. दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं एकदम जोरात पळतात आणि मांडीचा मागचा स्नायू धरतो, घोटा मुरगळतो. म्हणून पंधरा मिनिटांचा वॉर्मअप सगळ्यांना सक्तीचा, उशिरा आलेल्याने सुद्धा तो केल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालेला माणूस पूर्ण वेळ हजर पाहिजे. मैदान बघायला जातो तेव्हाच आम्ही एईडी मशीन, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर विजेचा झटका देणारं यंत्र, आहे का, कुठे आहे, अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येईल हे विचारून ठेवतो, आणि स्वयंसेवकांना छातीवर दाब द्यायला शिकवलंय, मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे वापरायची वेळ आली नाही आणि न येवो. नाव नोंदवताना घरच्या एका माणसाचा नंबर पण घेतो. 'जबाबदारी आमची नाही' अशा फॉर्मवर सह्या घेऊन काही लोकांना वाटतं आपण मोकळे, पण आपण वकील आहोत, पुष्कळ ठिकाणच्या कायद्यात निष्काळजीपणामुळे झालेली इजा अशी सहीने पुसून टाकता येत नाही हे आपल्याला तरी माहीत पाहिजे. विमा काढायचा आणि मुळात काळजी घ्यायची.

स्पॉन्सरबद्दल थोडं. मैदान, साहित्य, पाणी, खाणं, बक्षिसं याला पैसे लागतात आणि लीगल सॉफ्टवेअरवाले, भरती करणाऱ्या एजन्सी, प्रकाशक हे द्यायला तयार असतात. एका भरती एजन्सीने आमच्याकडे आलेल्या सगळ्यांची नावं, फोन नंबर आणि अनुभवाची वर्षं मागितली. ज्युनियर लोक नोकरी बदलायच्या विचारात असतात, त्यांच्या सिनियरला हे कळलं तर काय होईल याचा विचार करा. आम्ही नाही म्हटलं. ज्याला स्वतःहून द्यायचंय त्याने त्यांच्या टेबलवर जाऊन द्यावं, आमच्याकडून यादी जाणार नाही. त्यांनी माघार घेतली आणि त्या वेळी बक्षिसं कमी झाली, कुणालाही काही फरक पडला नाही. तेव्हापासून स्पॉन्सरला पाठवायच्या पहिल्याच मेलमध्ये ही अट लिहिलेली असते.

आता वागणुकीबद्दल, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण लोक हा भाग टाळतात. इंटरनॅशनल बार असोसिएशनने 2019 मध्ये 135 देशांतल्या जवळपास 7,000 लोकांच्या उत्तरांवर एक अहवाल काढला. उत्तर देणाऱ्या बायकांपैकी साधारण दोघींत एकीला कामाच्या संदर्भात दमदाटी सहन करावी लागली होती आणि तिघींत एकीचा लैंगिक छळ झाला होता, पुरुषांपैकी सुद्धा तिघांत एकाने दमदाटीबद्दल सांगितलं. आणि छळाच्या चारातल्या तीन घटना कधीच कुणाला कळवल्या गेल्या नाहीत. नेटवर्किंगच्या कार्यक्रमात एका बाजूला काम देऊ शकणारा सिनियर असतो, दुसऱ्या बाजूला कामाची गरज असलेला ज्युनियर असतो, वातावरण सैल असतं, अशा ठिकाणी नियम लिहून ठेवलेच पाहिजेत. आम्ही नोंदणीच्या वेळी एक पानाची आचारसंहिता देतो, सिनियर पाहुण्यांना पण तीच, सही दोघांची. तक्रार ऐकायला एक बाई आणि एक पुरुष असे दोघं असतात, दोघंही कमिटीबाहेरचे, आणि त्यांचे नंबर हॉलमध्ये आणि बाथरूमच्या दारामागे लावलेले असतात. दारू आम्ही ठेवत नाही. यावर 'मग लोक थांबणार कसे' असं विचारलं गेलं, तर लोक थांबतात. जे पीत नाहीत, जे सोडायचा प्रयत्न करतायत, ज्यांना घरी गाडी चालवत जायचंय, ते सगळे उलट जास्त वेळ थांबतात. फोटो कुणालाही विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हे पण त्याच पानावर आहे.

त्याच पानावर अजून एक ओळ आहे, चालू मॅटरबद्दल बोलायचं नाही. एका टीममध्ये असे दोघं येऊ शकतात जे त्याच आठवड्यात एकमेकांच्या विरुद्ध उभे राहणार आहेत, आणि ते यायलाच पाहिजेत, समोरच्या बाजूचा वकील माणूस म्हणून माहीत असला की भांडणाचा सूर खाली येतो, तडजोडीचा फोन करायला हात धजावतो. पण पक्षकाराची गोष्ट पक्षकाराची. कधी न्यायाधीश पाहुणे म्हणून आले तर हे अजूनच कटाक्षाने पाळायचं, त्यांच्यासमोर असलेल्या केसचा उल्लेखसुद्धा नको.

खेळ संपल्यावरचा भाग आम्ही असा करतो की प्रत्येक टीम एका टेबलाला बसते, आणि प्रत्येक टेबलाला एक सिनियर. वीस मिनिटांनी सिनियर बदलतात, टीम जागेवरच राहते. त्यामुळे कुणाला उठून कुणाजवळ जावं लागत नाही, आणि घामेजलेले, थकलेले, एकमेकांना नावाने हाक मारणारे लोक आधीच एकत्र असतात. सिनियर लोकांना आम्ही आधीच फोन करून सांगतो की भाषण नको, तुमची पहिली हरलेली केस सांगा किंवा पहिल्या वर्षी काय कळत नव्हतं ते सांगा. एका खूप नावाजलेल्या ज्येष्ठ वकिलांनी सांगितलं की पहिल्यांदा कोर्टात स्वतः युक्तिवादाला उभे राहिले तेव्हा न्यायाधीशांनी एक साधा प्रश्न विचारला आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना, शेवटी समोरच्या वकिलांनीच उठून 'माझ्या तरुण मित्राला थोडा वेळ द्यावा' असं म्हटलं. एवढं ऐकल्यावर त्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली की माझं मागच्याच महिन्यात असं झालं आणि मी तेव्हापासून उभीच राहिले नाहीये. मग अजून दोघं बोलले. त्या टेबलाचा पुढचा सिनियर आला तरी आम्ही घंटा वाजवली नाही, त्यांना तसंच बसू दिलं. ती मुलगी आता नियमित उभी राहते, तिच्याच टीममधला एकजण तिच्याबरोबर दोन-तीन तारखांना कोर्टात जाऊन मागे बसला होता, कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

जो एकटा येतो त्याच्यासाठी आम्ही वेगळी व्यवस्था केलीये. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, येणाऱ्यांपैकी तुम्ही कुणाला ओळखता का. 'नाही' लिहिणाऱ्यांची नावं आम्ही स्वयंसेवकांमध्ये वाटून घेतो, प्रत्येकाकडे चार-पाच. त्यांना आदल्या दिवशी मेसेज जातो, मी अमुक, गेटवर भेटते, माझ्या अंगावर निळा टी-शर्ट असेल. त्या दिवशी त्या स्वयंसेवकाचं बाकी काही काम नसतं, ना स्कोअर ना माईक ना बक्षिसं, फक्त त्या चार-पाच जणांवर लक्ष ठेवायचं, कडेला उभे दिसले की ओढून आणायचं. स्वयंसेवक कमी असले तर मी सजावट बंद करते, माईक बंद करते, पण हे काम बंद करत नाही.

कार्यक्रम कसा झाला हे मोजायचं कसं, तर किती लोक आले यावर मी जात नाही. दुसऱ्या दिवशी एक छोटा फॉर्म जातो, आधी ओळखत नव्हता अशा किती जणांशी बोललात, आणि त्यातल्या कुणाला अडचणीत फोन कराल असं वाटतं का. मग काही आठवड्यांनी परत विचारतो, केला का फोन. या नंतर विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं खरी असतात. एकाने लिहिलं होतं की फोन केला नाही पण आला, आणि मला उत्तर माहीत होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

स्वयंसेवकांचं पण बघावं लागतं, कारण ते पण ज्युनियरच आहेत, त्यांच्यावर पण डेडलाइन आहेत. एकाच माणसावर सगळं पडलं की तो एक कार्यक्रम उत्तम करतो आणि मग गायब होतो. आम्ही प्रत्येक काम दोघांना देतो, एक जुना एक नवा, आणि कुणाची सुनावणी लागली तर दुसऱ्याने न विचारता हातात घ्यायचं. सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं, मैदानाच्या माणसाशी काय बोलायचं, पत्राचा मसुदा, चिठ्ठ्यांचे गट कसे केले, वेळापत्रक, आचारसंहिता, विमा. कमिटी बदलली की पुढचे लोक शून्यापासून सुरू करत नाहीत. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून ही फाइल ठेवा.

सध्या आम्ही एका गोष्टीवर काम करतोय, लहान मुलं असलेले वकील अजून फार कमी येतात, विशेषतः आया. मागच्या फॉर्ममध्ये बऱ्याच जणींनी लिहिलं की वेळ सकाळची ठेवा आणि मुलांना सोबत आणू द्या. म्हणून यावेळी मैदानाला लागूनच असलेली एक खोली घेतलीये, तिथे मुलं सांभाळायला प्रशिक्षित दोन माणसं असतील, आणि मुलांच्या रिलेचा एक सामना मोठ्यांच्या सेमीच्या आधी लावलाय. नोंदणी सुरू झाली आहे आणि 'येणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता का' या प्रश्नाला 'नाही' लिहिणाऱ्यांमध्ये यावेळी आयांची संख्या सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे स्वयंसेवकांची यादी मी परत वाढवायला घेतलीये.